ती सही माझीच होती

अन्वर, तुझी लेबलं अजून संपली नाहीत.

तू जाऊन दीड महिना होत आला, पण आमच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये तुझ्या हातचे गठ्ठे अजून रचलेले आहेत. सकाळच्या शिफ्टला पहिला लॉट माझ्या टेबलावर येतो, त्याच्यावर तुझं पिवळं लेबल असतं, आणि लेबलाच्या खालच्या कोपऱ्यात 'तपासणाऱ्याची सही' अशी बारीक अक्षरं छापलेली चौकट. त्या चौकटीत मी सही करतो. दिवसाला चाळीस-पन्नास वेळा तरी. लोकांना गेलेली माणसं स्वप्नात दिसतात म्हणे. मला तू कामाच्या वेळात भेटतोस आणि दर वेळी माझ्याकडे सहीच मागतोस. आता स्टोअरवाल्याला मी विचारायचंही सोडून दिलंय की अजून किती गठ्ठे शिल्लक आहेत.

आपली ओळखही या चौकटीवरूनच झाली होती, आठवतं का? तुझा पहिलाच लॉट मी परत पाठवला, कारण माझी सही त्या चौकटीत मावत नव्हती. तू तुझ्या महाळुंग्याच्या गाळ्यातून शाईच्या हातांनी तसाच गेटवर आलास आणि म्हणालास, "साहेब, लोकं चौकटीएवढी सही करतात. तुमच्यासाठी मी चौकट वाढवायची?" मी म्हणालो, वाढवायची. तू मला शिव्या घालत गेलास असणार. पण पुढच्या आठवड्यात चौकट वाढलेली होती, आणि माझ्या सहीची ती शेवटची लांब शेपटीही तिच्यात नीट बसत होती. तुला माझी सही माझ्या बायकोपेक्षा जास्त ओळखू यायची. मग एका संध्याकाळी तू आमच्याच सोसायटीच्या लिफ्टमध्ये भेटलास. रहाटणीत आपण एकाच बिल्डिंगीत राहत होतो आणि वर्षभर एकमेकांना ठाऊक नव्हतो. दुसऱ्या दिवसापासून मी कंपनीची बस सोडली आणि तुझ्या स्कूटरवर मागं बसायला लागलो.

मोशीपासून चाकणपर्यंत कांद्याच्या ट्रकांमागं आपण किती तास काढले असतील, देव जाणे. गाडी अडकली की तू इंजिन बंद करायचास आणि परदेशातल्या त्या बेटाच्या गोष्टी सुरू करायचास. त्या बेटाचं नाव मी इथंही लिहीत नाही. तूच बजावलं होतंस, आपल्याकडची पोरं अजून कामाला आहेत तिथं, कुठं नाव काढू नकोस म्हणून. खाडीत तरीची होडी चालवून माणसं पलीकडं नेणाऱ्याचा तू मुलगा. वयाच्या अठराव्या वर्षी पासपोर्ट काढून गेलास आणि बारा वर्षं तिथल्या एका स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानात बॅनर छापलेस. समुद्रातलं एवढंसं राज्य, एक राजा, आणि राजाच्या भावांनी, चुलत्यांनी, मेहुण्यांनी वाटून घेतलेला सगळा कारभार.

आणि तो पक्ष. त्या पक्षाबद्दल बोलताना तुझा आवाज बदलायचा. त्यांना राजाला घालवायचं नव्हतं, हे तू दर वेळी आवर्जून सांगायचास, जणू मीच त्यांच्यावर खटला भरला होता. राजा त्याच्या जागी राहू दे, मंत्री तेवढे आम्ही मत टाकून निवडू, एवढंच त्यांचं मागणं. मी एकदा हसून म्हणालो होतो, एवढ्यासाठी पक्ष काढायचा? तू मागं वळून न बघता म्हणालास, "एवढं नसलं ना, की कळतं."

त्यांचं ऑफिस म्हणजे एका शिंप्याच्या दुकानावरची खोली. मासे विकणारे, एक औषधवाला, दोन नर्सबाई आणि सगळ्यांचा म्होरक्या गणिताचा एक मास्तर. देशात मत टाकायला मिळत नव्हतं, म्हणून ही मंडळी खोलीत मत टाकायची. चहा कुणी करायचा, पंखा किती नंबरवर ठेवायचा, सगळ्यावर चिठ्ठ्या. मास्तरांकडं बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा होता, त्याच्या झाकणाला त्यांनी चीर पाडली होती. तू सांगायचास आणि मी हसायचो. चहाला कसलं रे मतदान? तू म्हणायचास, सवय करत होते ते, पोहायला शिकताना आधी काठाला धरून पाय मारतात तसं.

त्यांची खूण होती दोन वल्ह्यांची होडी. तुला ती छापायला दिली तेव्हा तू विचारलंस, दोन कशाला? तर मास्तरांनी सांगितलं, एकाच बाजूनं वल्हवलं की होडी जागच्या जागी गोल फिरते. तुझ्या बापाची उभी हयात होडीत गेलेली. तुला ते लगेच पटलं. तू निळ्या रंगात एक आणि हिरव्या रंगात एक असे दोन नमुने घेऊन त्या खोलीत गेलास आणि अर्थातच मतदान झालं. डबा फिरत फिरत तुझ्यापाशी आला. कुणीतरी म्हणालं, हा तर परदेशी कामगार आहे. मास्तर म्हणाले, त्यानंच छापलंय, डोळे त्यालाही आहेत.

तू हिरव्याला मत दिलंस. निळा जिंकला.

हा भाग सांगताना तू नेहमी स्कूटरवर ताठ बसायचास. तुझ्या गावात पंचायत कायम बिनविरोध, जुनी माणसं आधी देवळात आणि मग मशिदीत बसून नावं ठरवायची, आणि पेपरात गावाचं कौतुक छापून यायचं. मतदार यादीत नाव लागायच्या आत तू गाव सोडलंस. त्यामुळं बिस्किटाच्या डब्यातली ती चिठ्ठी तुझं पहिलं मत. "माझं मत हरलं, दत्ता," तू म्हणायचास. "म्हणजे ते मोजलं होतं." मी मागं बसून मान डोलवायचो आणि ट्रकवाल्यानं गाडी पुढं घ्यावी म्हणून वाट बघायचो. खरं सांगतो, तेव्हा मला ते वाक्य कळलं नव्हतं.

मग आपल्या सोसायटीची निवडणूक आली. निवडणूक म्हणजे काय, तर अण्णा यादी वाचणार, आपण टाळ्या वाजवणार आणि शेवटी पेढे. बिल्डिंग ज्या शेतात उभी राहिली ते शेत अण्णांच्या घराण्याचं, आणि पहिल्या दिवसापासून अध्यक्षही तेच. त्यांचा कारभार वाईट होता असं तूही कधी म्हणाला नाहीस. तरी तू अर्ज भरायचा ठरवलास. मी विचारलं, निवडून येशील का? तर तू म्हणालास, "यायचंय कुणाला? मला पडायचंय. पण मोजून पडायचंय." त्या वाक्यावर आपण महाळुंग्याच्या टपरीवर चहा सांडेपर्यंत हसलो होतो. सूचक म्हणून सही करायला तू मला पेन दिलंस, आणि मी माझ्या लांब शेपटीची सही ठोकली.

इथून पुढचं तुला माहीत आहे, पण तुला माहीत नसलेलं थोडं आहे. छाननीच्या आदल्या दिवशी अण्णा माझ्या घरी आले होते. ते धमकावायला आले नव्हते, अन्वर. सोफ्यावर बसले, चहा घेतला, माझ्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी केली. मग म्हणाले, "मला त्याचा राग न्हाई. मानूस चांगला हाय. पर मतदान झालं की घरं फुटत्यात. आमच्या गावात फुटल्यात, मी बघितल्यात. तुमी सही केली म्हंत्यात. बघा काय करता येतंय का." एवढंच बोलून ते उठले. मी लातूरकडून आलेला माणूस. वीस वर्षं इथं राहूनही कुणाच्या लग्नाच्या पंगतीत मला 'बाहेरगावचे पाहुणे' म्हणतात. अण्णा स्वतः जिना चढून आले आणि माझ्याकडं चहा प्यायले, याचंच मला अप्रूप वाटलं होतं. ही लाजिरवाणी गोष्ट आहे आणि मी ती आजवर बायकोलाही सांगितलेली नाही.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये टेबल मांडून निवडणूक अधिकारी बसले होते. मी त्यांना हळूच म्हणालो, माझी सही मागं घ्यायची आहे. ते म्हणाले, अर्ज मागं घ्यायचा तर उमेदवारानं घ्यायचा, सूचकाचं तसं काही नसतं. सही आपली आहे की नाही, एवढंच सांगा. मी वर बघितलं. अण्णा बघत होते, आणखी पंधरा-वीस जण बघत होते, आणि तूही. मी म्हणालो, "नाही. माझी नाही."

अधिकाऱ्यांनी तुझ्या अर्जावर 'बाद'चा शिक्का मारला. मागून कुणीतरी म्हणालं, बघा, सहीसुद्धा दुसऱ्याची ठोकली. तू माझ्याकडं बघितलंच नाहीस. तू त्या कागदावरच्या सहीकडं बघत राहिलास, आणि मग चष्मा काढून खिशात ठेवलास. लॉट सही करून पास करणं हाच माझा धंदा, आणि त्या दिवशी मी चांगला माल सगळ्यांदेखत खोटा ठरवला.

तू स्कूटरपाशी माझी वाट बघत थांबला होतास. मला वाटलं, आता हा कानाखाली देणार, आणि देऊ दे असंही वाटलं. तू तसं काही केलं नाहीस. तू मला मास्तरांची शेवटची गोष्ट सांगितलीस, जी इतक्या वर्षांत ट्रकांमागं अडकूनही कधी सांगितली नव्हतीस. रेडिओवर हुकूम आला की पक्ष बंद. तुझ्या दुकानाच्या मालकानं छपाईच्या सगळ्या जाळ्या धुवायला सांगितल्या. तू त्या होडीची जाळी तीनदा धुतलीस. पण तू मला गाळ्यात कितीदा दाखवलं होतंस, जुनी छपाई धुतली तरी जाळीवर तिची फिकट सावली राहतेच, उजेडात धरली की दिसते. तपासाला आलेल्या तिथल्या सरकारी साहेबांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी एकेक जाळी खिडकीपाशी नेऊन बघितली.

"मारलं नाही, ओरडले नाहीत," तू म्हणालास. "चहा दिला. माझा पासपोर्ट टेबलावर ठेवला आणि विचारलं, ही ऑर्डर कुणाची? एकदाच विचारलं, दत्ता. मी मास्तरांचं नाव सांगितलं." दुसऱ्या दिवशी तुला विमानात बसवलं. मास्तरांचं काय झालं ते तुला कधी कळलं नाही. मग तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "तू तर नुसती सही नाकारलीस. मला समजतं, एवढंच सांगायला थांबलो होतो."

तो हात मी तसाच धरायला हवा होता. पण शरमेचा राग व्हायला वेळ लागत नाही. मी हात झटकला आणि तुला विचारलं, मग कुठल्या तोंडानं तू आम्हाला लोकशाही शिकवतोस?

तू स्कूटरचा स्टँड काढलास. मग म्हणालास, "तोंड नाहीच. म्हणून तर अर्ज भरला होता." आणि स्कूटर सुरू करून गेलास. त्यानंतर आपण बोललो नाही. मी पुन्हा कंपनीची बस धरली. तुझी लेबलं तू गेटवर ठेवून जायचास, लिफ्टमध्ये भेटलास की वरच्या लाल आकड्यांकडं बघायचास, आणि मीही आकडेच बघायचो. सात मजले. मी दर वेळी ठरवायचो, आज बोलू. तिसऱ्या मजल्यापर्यंत शब्द जुळायचे, पाचव्यापर्यंत विरायचे. मला वाटायचं, आपल्यापाशी वेळ आहे.

मग एका मंगळवारी तुझ्या शेजारच्या गाळ्यातल्या वेल्डरचा फोन आला. तू छापता छापताच खाली बसलास आणि पुन्हा उठलाच नाहीस. तुझ्या जनाज्याला कुणीतरी मला पुढं ढकललं, यांना खांदा देऊ द्या, जिगरी दोस्त होता यांचा, असं म्हणत. मी खांदा दिला. माती देताना मी माझ्या सही करणाऱ्या उजव्या हाताकडं बघत होतो. कुणाला वाटलं असेल, रडतोय. रडत होतोच, पण तेवढंच नव्हतं.

नसीमाभाभी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर बायकोनं घरातच काढायचे ते दिवस, त्यामुळं बाहेर येत नाहीत. गाळा रिकामा करायचा म्हणून त्यांनी तुझ्या मुलीच्या हातून मला किल्ली दिली आणि आतल्या खोलीतूनच बोलल्या, "ते म्हणायचे, दत्ताभाऊंची सही मी डोळे मिटून ओळखीन." त्यांना पार्किंगमधलं सगळं ठाऊक आहे की काहीच ठाऊक नाही, हे मला त्या आवाजावरून कळलं नाही. मी नुसता हो म्हणालो.

गाळ्यात तुझ्या जाळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. तू करायचास तसं मी एकेक दाराच्या उजेडात धरत गेलो. आमच्या लेबलाची सावली, दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या बाणाची सावली, कुणाच्या तरी लग्नाच्या पिशवीवरच्या गणपतीची सावली. आणि मग एका जाळीत होडी. दोन वल्ह्यांची. मी ती जाळी चटकन खाली ठेवली, जणू कुणी मागून बघत होतं. तू इथं, महाळुंग्यात, इतक्या वर्षांनी पुन्हा होडी छापली होतीस. कशावर, ते फळीवर सापडलं. बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता, त्याच्यावर ती होडी, हिरव्या रंगात. झाकणाला चीर पाडलेली, आणि कुणाचं बोट कापू नये म्हणून चिरेच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या. आत लेबलाच्या उरलेल्या पिवळ्या कागदाच्या चिठ्ठ्या. मी मोजल्या. अठ्ठेचाळीस. आपल्या बिल्डिंगीत तेवढेच फ्लॅट आहेत. माझ्या घरचीही एक चिठ्ठी तू कापली होतीस.

मी गाळ्याच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसलो आणि तुझी माफी मागितली. मोठ्यानं मागितली. शेजारच्या वेल्डरनं मशीन बंद केलं आणि मग माझ्याकडं न बघता पुन्हा चालू केलं.

परवाच्या रविवारी सोसायटीची सभा झाली. दोन मिनिटं तुझ्यासाठी सगळे उभे राहिले. मग पहिला विषय, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं. सेक्रेटरी वाचत गेले, आणि त्यात ती ओळ आली, सूचकानं सही आपली नसल्याचं सांगितल्यामुळं अर्ज बाद. सगळे नेहमीसारखे मंजूर, मंजूर म्हणाले. मी उभा राहिलो.  मी म्हणालो, "माझा विरोध आहे. ती सही माझीच होती. मी खोटं बोललो. अन्वरनं कुणाची सही ठोकली नव्हती. इतिवृत्तात हे दुरुस्त करा."

 मग कुजबुज सुरू झाली, की असं लिहिलं तर निवडणूकच चुकीची ठरेल, कमिटी जाईल, नसती भानगड. अण्णा म्हणाले, "झालं ते झालं, दत्ता. मानूस ग्येला. आता कागद उकरून काय मिळायचं?" सेक्रेटरी म्हणाले, दुरुस्ती हवी असेल त्यांनी हात वर करा. मी म्हणालो, हात नको, चिठ्ठ्या. आणि पिशवीतून तुझा डबा काढून टेबलावर ठेवला.

अण्णा त्या होडीकडं बघत राहिले. "ही कुनाची?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, अन्वरची. त्यांनी डबा जवळ ओढला, चिरेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "घ्या मग. हुंद्या एकदा."

एकतीस जण हजर होते. प्रत्येकानं खांबामागं, गाडीच्या बॉनेटवर, जिन्याच्या कठड्यावर चिठ्ठी लिहिली. अण्णांनी तर लिहिताना तळहाताचा आडोसा धरला होता, शाळेतल्या मुलासारखा. सेक्रेटरींनी मोजून सांगितलं, दुरुस्ती नको, एकोणतीस. दुरुस्ती हवी, दोन.

दोन, अन्वर. एक माझी होती. मी घरून निघताना एकच धरून चाललो होतो. दुसरी कुणाची? भाभी तर सभेला नव्हत्या. तेव्हापासून मी लिफ्टमध्ये आकड्यांकडं बघत नाही, माणसांकडं बघतो. दूध घ्यायला जाणाऱ्या देशपांडेकाकू, दुसऱ्या पाळीहून आलेला चौथ्या मजल्यावरचा फिटर, खुद्द अण्णा. कुणाच्याही चेहऱ्यावर काही लिहिलेलं नसतं. त्यांच्यातल्या एकानं तुझ्या पिवळ्या कागदावर 'होय' लिहिलं, आणि कोणी ते मला कधीच कळणार नाही. चिठ्ठीचा अर्थच तो, असं तू म्हणाला असतास.

मास्तरांचं नाव त्या दिवशी स्कूटरपाशी तू मला सांगितलं होतंस. इथं ते माहीत असलेला आता मी एकटाच उरलो आहे. कुणीही, कितीही प्रेमानं चहा पाजून विचारलं तरी ते माझ्या तोंडून निघणार नाही. तुझ्यासाठी एवढंच करता येण्यासारखं उरलं आहे.

इतिवृत्तात तुझा अर्ज अजून बादच आहे. पण त्याच्याखाली सेक्रेटरींनी नाइलाजानं एक ओळ लिहिली आहे, आणि सोसायटीच्या वहीत असं पहिल्यांदाच लिहिलं गेलंय, की सदर विषयावर मतदान घेण्यात आलं. ती ओळ मी दोनदा वाचली आणि त्याच्याखाली सही केली, शेपटीसकट.

माझं मत हरलं, अन्वर. मोजून हरलं.